सोलर आणि वीज पडणं: बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळीव सुरू झाला की माझ्या फोनवर जळालेल्या कंट्रोलरचे (प्लेटा आणि बॅटरी यांच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) फोटो यायला लागतात. मृग बसून पाऊस लागला की जरा उसंत, आणि परतीच्या पावसात पुन्हा तेच. महाराष्ट्रात विजा खऱ्या कडकडतात त्या या दोन हंगामांत; आषाढ-श्रावणातली झड त्या मानाने गरीब. फोटोंसोबत येणारे प्रश्नही वर्षानुवर्षं तेच, म्हणून ते इथे एकत्र केलेत. लाईनचं कनेक्शन नसलेली शेतघरं, वाड्या-वस्त्या, गोठे आणि शेतातले सौर पंप, एवढ्यापुरतंच हे आहे.

एक खुलासा आधीच. मराठीत दोन्हींना 'वीज' म्हणतात, त्यामुळे बोलताना फार घोटाळा होतो. इथे वीज म्हणजे आभाळातली. घरातलीला मी लाईटच म्हणणार.

१. सोलरच्या प्लेटा वीज ओढून घेतात का? शेजारी म्हणतात, तुमच्यामुळे आमच्यावर पडेल.

नाही. वीज कुठे पडेल हे उंची आणि मोकळेपणा यांवर ठरतं, ती वस्तू सोलरची आहे की कौलांची यावर नाही. पत्र्याच्या छपरावर हातभर उंचीवर प्लेटा बसवल्याने घराचा धोका जाणवण्याइतका वाढत नाही. मात्र उघड्या माळावर किंवा कोकणातल्या सड्यावर आसपास झाड नाही, घर नाही आणि तुमचं लोखंडी स्ट्रक्चर एकटंच उभं आहे, तर तिथे सगळ्यात उंच तेच असतं. शेजाऱ्यांना सांगा, त्यांच्या दारचा नारळ आमच्या प्लेटांपेक्षा जास्त काळजीचा आहे.

२. आमच्याकडे लाईनच नाही. मग सर्ज येणार कुठून?

बाहेरच्या लाईनवरून येणारा सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, तुम्हाला खरंच नाही, ती एक पीडा टळली. पण प्लेटांपासून घरापर्यंतची तुमची स्वतःची वायर, बोअरची केबल, कुंपणाची तार, डिशची केबल हे सगळे अँटेनाच आहेत. शिवाय लाईनसोबत येणारं डीपीचं अर्थिंगही तुमच्याकडे नाही. जमिनीशी जे नातं जोडायचं ते तुम्हालाच जोडावं लागतं. आणि कंट्रोलर गेला की वायरमन शेजारच्या गल्लीत नसतो, अंधारात आठवडा जातो.

३. वीज आमच्या घरावर पडलीच नाही, दूर पडली. तरी कंट्रोलर कसा गेला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक नुकसान असंच होतं. थेट पडलेली वीज मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

भोरच्या पलीकडच्या एका वाडीवरची गोष्ट. प्लेटा गोठ्यावर, घर तिथून १८ मीटरवर. आधीच्या कारागिराने प्लसची वायर आढ्याच्या बाजूने आणली होती आणि मायनसची खालून, भिंतीच्या कडेने. दोहोंत साधारण २ मीटर अंतर. पलीकडच्या बांधावरच्या उंबरावर वीज पडली, दीडशे मीटरवर. प्लेटांना ओरखडा नाही, घराला काही नाही. कंट्रोलर उघडला तर आत जळक्या मासळीसारखा वास, आणि प्लेटांच्या टर्मिनलजवळची निळी चकती, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर, मधोमध फुटलेली.

झालं काय, ते हिशोबाने पाहू. प्लस-मायनसच्या दोन वायरींनी १८ गुणिले २, म्हणजे ३६ चौरस मीटरचं एक रिंगण तयार केलं. विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला २० हजार अँपिअरने चढतो असं धरलं, तर १५० मीटरवरच्या या रिंगणात जवळजवळ १ हजार व्होल्ट उमटतात. कंट्रोलरची मर्यादा होती १५० व्होल्ट. आता याच दोन वायरी एकमेकींना चिकटून, २ सेंटिमीटरच्या अंतराने आणल्या असत्या, तर रिंगण शंभर पटींनी लहान झालं असतं आणि व्होल्टही साधारण १० च उमटले असते. त्याच वीजेत, त्याच वायरीत.

म्हणून माझा पहिला आग्रह वायरींचा असतो. प्लस आणि मायनस एकाच पाइपातून, जमल्यास पीळ देऊन आणा, आणि अर्थिंगची वायरही त्यांच्या सोबतच ओढा. प्लेटांच्या खालीसुद्धा हेच पाळायचं. शेवटच्या प्लेटेपासून परत येणारी वायर स्ट्रक्चरला वळसा घालून आणू नका, ती गेल्या वाटेनेच परत आणा. याला पैसे लागत नाहीत, लागली तर थोडी जास्त वायर लागते.

४. आमच्याकडे लायटनिंग अरेस्टर बसवलाय. मग एसपीडी कशाला?

दोघांची कामं वेगळी आहेत. अरेस्टर म्हणजे वर टोकदार काठी, तिच्यापासून खाली पट्टी आणि जमिनीत खड्डा. थेट पडणाऱ्या विजेला तो स्वतःवर घेतो आणि घर, छप्पर, प्लेटा वाचवतो. वायरीत शिरलेला सर्ज त्याला दिसतच नाही. उलट वीज त्या काठीवर पडली, तर ती तुमच्या वायरींच्या अगदी शेजारून खाली जाते आणि प्रश्न ३ मधलं १५० मीटरचं अंतर ५ मीटरवर येतं. नुसता अरेस्टर लावून एसपीडी न लावणं म्हणजे पाहुण्याला बोलावून दार बंद ठेवणं.

एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) म्हणजे डबीएवढं उपकरण. एरवी ते गप्प असतं. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की क्षणार्धात वाट मोकळी करून सर्ज अर्थिंगकडे वळवतं. त्यासाठी अर्थिंग हवं. अर्थिंगला न जोडलेली एसपीडी मी दहा तरी ठिकाणी पाहिली आहे. हिरवी खिडकी छान चमकत असते.

५. बजेट थोडंच आहे. आधी काय करू?

आधी वायरी नीट करा (प्रश्न ३). मग सगळे धातू आणि सगळे खड्डे एकमेकांना जोडा (प्रश्न ६). त्यानंतर कंट्रोलरजवळ एक बरी डीसी (प्लेटा-बॅटरीच्या बाजूची) एसपीडी. लाईटची वायर दूरच्या गोठ्याला किंवा मोटारीला जात असेल तर तिथे एसी (इन्व्हर्टरनंतरच्या बाजूची) एसपीडी. अरेस्टर सगळ्यात शेवटी, तोही जागा उघड्यावर असेल तर. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण काठी विकता येते आणि वायरीला दिलेला पीळ विकता येत नाही.

६. अर्थिंगचे तीन खड्डे (अरेस्टर, डीसी, एसी) वेगळे ठेवायचे की जोडायचे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खड्डे तीन असू द्या, पण जमिनीखालून ते एकमेकांना जोडा. यावर वाद खूप आहे, म्हणून जरा सविस्तर.

'वेगळे ठेवा' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: अरेस्टरची वीज इन्व्हर्टरच्या अर्थिंगमध्ये शिरायला नको. ऐकायला पटतं. मीही पहिली काही वर्षं असंच करायचो. पण हिशोब करा. मध्यम ताकदीची वीज ३० हजार अँपिअरची असते. खड्ड्याचा रोध (जमिनीत जाताना प्रवाहाला होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा) १० ओहम, म्हणजे चांगलाच. ३० हजार गुणिले १० म्हणजे तो खड्डा क्षणभर ३ लाख व्होल्टवर चढतो. पंधरा मीटरवरचा दुसरा, न जोडलेला खड्डा मात्र जवळपास होता तिथेच राहतो. तुमच्या प्लेटांचं स्ट्रक्चर पहिल्या खड्ड्यावर, इन्व्हर्टरची बॉडी दुसऱ्यावर, आणि मधे एक बिचारी डीसी केबल. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे होतं तेच तिचं होतं.

जोडलेले असले की सगळेच एकदम वर चढतात आणि एकदम उतरतात. बंदरातल्या होड्या भरतीला सगळ्याच उचलल्या जातात, म्हणून कुठली दोरी तुटत नाही. उपकरण जळतं ते दोन टोकांमधल्या फरकामुळे. ते स्वतः किती व्होल्टवर चढलं याने नाही. आयईसी ६२३०५ हे विजेपासून संरक्षणाचं मानक, जे भारतानेही स्वीकारलंय, तेसुद्धा एकत्रित अर्थिंगच सुचवतं.

ज्या जागेवर माझे स्वतःचे दोन इन्व्हर्टर लागोपाठ दोन वर्षं गेले, तिथे तिसऱ्या वर्षी चर खणून २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी टाकली आणि तिन्ही खड्डे जोडले. तेव्हापासून तिथे काही जळलेलं नाही. यावरून काही सिद्ध होतं असं नाही, वीज काही दर वर्षी हजेरी लावत नाही. पण पहिल्या दोन वेळा बिल मी भरलं होतं, त्यामुळे धडा लक्षात राहिला.

कामाच्या निविदेत 'तीन स्वतंत्र खड्डे' लिहिलेलं असेल तर तीन खणा, तिन्ही मोजून दाखवा आणि मग जोडा. याला एक खराखुरा अपवाद आहे, झटका मशीनचा, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या यंत्राचा. तो प्रश्न १९ मध्ये.

७. आमच्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो. अर्थिंगचं रीडिंग काही केल्या उतरत नाही.

सह्याद्रीत आणि जांभ्याच्या पट्ट्यात हे होणारच. उभी कांडी ठोकण्याचा हट्ट सोडा. जागेभोवती फूट-दोन फूट खोल चर घ्या, त्यात पट्टी आडवी टाका आणि तिचं घराभोवती किंवा स्ट्रक्चरभोवती पूर्ण कडं करा. चरात मुरूम परत न टाकता माती आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. उघड्या खडकावर कड्याचीच पद्धत मानकातही सुचवलेली आहे.

१० ओहमच्या खाली आलं तर उत्तम. नाही आलं तर झोप उडवून घेऊ नका. सगळं एकमेकांना नीट जोडलेलं आणि रीडिंग २५, हे मला सुटे-सुटे खड्डे आणि रीडिंग ३ यापेक्षा जास्त चालेल. कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

काळ्या जमिनीवाल्यांना उलटी अडचण. पावसाळ्यात रीडिंग झकास आणि वैशाखात जमीन भेगाळली की कांडी चक्क भेगेत, हवेत उभी. मोजणी मे महिन्यात करा. श्रावणातलं रीडिंग सगळ्यांचंच चांगलं येतं. दोन कांड्या ठोकायच्या तर त्यांत कांडीच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. ३ मीटरच्या कांड्या असतील तर ६ मीटर. शेजारी-शेजारी ठोकलेल्या दोन कांड्या जवळपास एकीचंच काम करतात.

८. खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकायचा का?

आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि पहिल्या वर्षी रीडिंग छान येतं. पण मीठ पावसाने वाहून जातं आणि जाता-जाता जीआयला गंज लावतं. सात-आठ वर्षांनी उकरलं की कांडीच्या जागी नुसता तांबडा चुरा सापडतो. बेंटोनाइट वापरा.

९. प्लेटा लोखंडी स्ट्रक्चरवरच घट्ट बसवल्यात. वेगळी अर्थिंगची वायर लागतेच का?

लागते. प्लेटेची ॲल्युमिनियमची चौकट दिसते धातूची, पण तिच्यावर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो लाईट वाहू देत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक चौकटीला आणि दुसरं स्ट्रक्चरला लावा. बहुतेक वेळा बीप येत नाही. चाकूने जरा खरवडा आणि परत लावा, लगेच वाजेल. म्हणून चौकटीवर अर्थिंगची खूण असलेल्या भोकातच दातेरी वॉशर घालून बोल्ट कसा आणि प्रत्येक प्लेट जोडा. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. अरेस्टर स्ट्रक्चरलाच जोडलेला असेल तर १६. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट भिडू देऊ नका, मधे कलई केलेला लग हवा. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी भुकटी जमते.

१०. डीसी एसपीडी किती व्होल्टची घेऊ?

प्लेटेच्या मागच्या पाटीवर ओपन सर्किट व्होल्टेज (प्लेटेला काहीच जोडलेलं नसतानाचं) लिहिलेलं असतं. ते ओळीतल्या प्लेटांच्या संख्येने गुणा आणि आलेल्या आकड्याला १.२ ने गुणा. ५४० वॉटची प्लेट साधारण ४९.५ व्होल्टची. अशा चार ओळीत असतील तर १९८, आणि १.२ ने गुणून सुमारे २३८. एसपीडी सतत जितकं व्होल्टेज सोसू शकते ती मर्यादा याहून वर हवी. वरचा वीस टक्क्यांचा भाग थंडीसाठी आहे, पौषातल्या पहाटे प्लेटेचं व्होल्टेज चढतं.

पण फार वरचीही घेऊ नका. बाजारात ६०० आणि १००० व्होल्टच्या सहज मिळतात. दुकानदार म्हणतो, मोठी घ्या, जास्त टिकेल. टिकेल, पण तुमचा कंट्रोलर टिकणार नाही. जितकी मोठी मर्यादा, तितकं जास्त व्होल्टेज ती पुढे जाऊ देते. १००० वाली एसपीडी २५० व्होल्टच्या कंट्रोलरला राखण म्हणून ठेवणं म्हणजे कुंपण इतकं रुंद विणायचं की शेळ्या आरामात आत. डबीवर संरक्षण पातळीचाही आकडा असतो, दोन डब्या शेजारी ठेवून तो वाचा आणि कमी आकडा असलेली घ्या.

११. एसीची एसपीडी घरात पडून आहे. डीसीला लावली तर?

लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एसपीडी निकामी होताना पेटलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला तशी संधीच नाही. ऊन आहे तोवर प्लेटा ठिणगीला खाऊ घालत राहतात आणि प्लास्टिकचा बॉक्स पेटतो. वीज न पडताही आग लागण्याचा हा हमखास मार्ग आहे. डीसीवर फक्त सौर डीसीसाठी बनवलेली, जिच्यावर आयईसी ६१६४३-३१ लिहिलेलं आहे अशीच.

१२. एक एसपीडी पुरेल की दोन? आणि ती बॉक्समध्ये कुठे लावायची?

प्लेटांपासून कंट्रोलरपर्यंत केबल १० मीटरच्या आत असेल तर कंट्रोलरजवळ एक पुरे. त्याहून लांब असेल तर दोन्ही टोकांना एकेक.

कुठे लावता यापेक्षा कशी लावता याला जास्त महत्त्व आहे. एसपीडीला जाणारी आणि तिथून अर्थिंगच्या पट्टीला जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. एक मीटर सरळ वायरीत सर्जचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १ हजार अँपिअरने चढला, तर त्या वायरीवरच १ हजार व्होल्ट उभे राहतात. एसपीडीने राखलेल्या व्होल्टेजमध्ये ते भर घालतात. म्हणजे महागडी एसपीडी आणून तिला दीड मीटर वायर वेटोळं करून ठेवली, की एसपीडी नावाला. 'पुढे कधी लागेल' म्हणून वायर जास्त ठेवायची आपल्या कारागिरांची सवय एरवी चांगली, इथे मात्र घातक.

१३. एसपीडीच्या टाइप १ आणि टाइप २ मध्ये काय घ्यायचं?

अरेस्टर नसेल तर टाइप २. अरेस्टर असून तो प्लेटांपासून अंतर राखून उभा असेल, तरीही टाइप २. अरेस्टर स्ट्रक्चरलाच बांधलेला असेल, तर विजेचा थेट हिस्सा वायरीत येऊ शकतो, तिथे टाइप १ किंवा दोन्ही मिळून असलेली. बाकी फरक तांत्रिक आहे.

१४. एसपीडीची हिरवी खिडकी लाल झाली. यंत्रणा तर चालू आहे.

एसपीडी तुमच्यासाठी खर्ची पडली. ती आतून सुटी झाली म्हणून यंत्रणा चालू आहे, पण आता मधे कोणी नाही. बहुतेक एसपीडीची आतली पुंगी तेवढी काढून नवीन खोचता येते. ती बदला, तीही सकाळी, प्लेटांचा स्विच बंद करून. हिरवी असली म्हणजे अगदी ठणठणीत, असंही नाही. छोटे-छोटे सर्ज खाऊन ती झिजत जाते. वळवाच्या आधी आणि दसऱ्याला हत्यारं पूजताना एकदा बॉक्स उघडून बघायचा, एवढी सवय लावून घ्या.

१५. अरेस्टर किती उंच आणि कुठे उभा करायचा?

काठीच्या टोकापासून ४५ अंशांत खाली येणारी छत्री कल्पा. सगळ्या प्लेटा तिच्या आत आल्या पाहिजेत. म्हणजे प्लेटांच्या वर ३ मीटर काठी असेल तर बुंध्याभोवती ३ मीटरची जागा राखली जाते. मानकातला हिशोब याहून थोडी सवलत देतो, पण छोट्या जागेला ४५ धरून चालणं बरं. काठी प्लेटांच्या उत्तरेला लावा, नाहीतर वर्षभर तिची सावली प्लेटेवर फिरत राहील. प्लेटांपासून शक्यतो मीटरभर लांब, स्वतःच्या खांबावर उभी करा. खाली येणारी पट्टी सरळ हवी, तीव्र वळण नको. छज्जाला वळसा घालताना इंग्रजी यू सारखी वाकवलेली पट्टी मी बघितली आहे. वीज वळसा घेत बसत नाही, मधली हवा फोडून सरळ उडी मारते. खांब वेगळा असला तरी त्याचा खड्डा बाकीच्यांना जोडायचाच.

१६. शंभर मीटर त्रिज्या वाचवणारा भारी अरेस्टर विकायला आले होते. घ्यावा का?

मी घेत नाही. टोकावर गोळा असलेले हे अरेस्टर वीज 'लवकर पकडतात' असा दावा असतो आणि त्यांच्यासाठी फ्रान्सचं वेगळं मानक आहे. आयईसी ६२३०५ प्रमाणे मात्र काठीने राखलेली जागा तिच्या प्रत्यक्ष उंचीवरून आणि मापावरूनच मोजायची, आत काय बसवलंय त्यावरून नाही. त्याच पैशात साध्या काठ्या, पट्टी आणि दोन एसपीडी येऊन वर चहाचे पैसे उरतील.

१७. ढग आले की स्विच बंद करतो. तेवढं पुरे ना?

बऱ्यापैकी उपयोग होतो, पण पूर्ण नाही. हवा मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्टपर्यंत तग धरते. प्रश्न ३ मधला हजारभर व्होल्टचा सर्ज उघड्या स्विचपाशी अडेल. थेट पडलेली वीज ढगापासून कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेली असते, तिला स्विचमधल्या चार मिलिमीटरचं काय कौतुक. स्विच प्लस आणि मायनस दोन्ही तोडणारा डीसी आयसोलेटर हवा. एकाच वायरीतला एमसीबी बंद करून दुसरी वाट उघडीच राहते.

दोन गोष्टी करू नका. चालू उन्हात प्लेटांचे एमसी-फोर कनेक्टर ओढून काढू नका, डीसीची ठिणगी बोटं भाजते. आणि बॅटरी आधी सोडवू नका. क्रम कायम आधी प्लेटा, मग बॅटरी.

बंद करायला जायचं ते गडगडाट ऐकू येण्याआधी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजा दाखवतं. रेंज असेल तिथे ते ठेवा. रेंज नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागा, तितके किलोमीटर. दहा सेकंद म्हणजे तीन किलोमीटर, तेव्हा इन्व्हर्टर राहू द्या, तुम्ही आत थांबा.

१८. योजनेतून सौर कृषी पंप मिळालाय. त्याला वेगळं काही करावं लागतं का?

पंपाची सगळी गंमत बोअरमध्ये आहे. मोटार दोन-अडीचशे फुटांवर पाण्यात बसलेली, म्हणजे शिवारातलं सगळ्यात चांगलं अर्थिंग तीच. वर प्लेटांवर चढलेला सर्ज खाली उतरायला केबल आणि मोटारीच्या वेटोळ्याची वाट धरतो आणि इन्सुलेशन फोडून पाण्यात जातो. केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) लोखंडी असेल तर तिला क्लॅम्प मारून स्ट्रक्चरच्या अर्थिंगला पट्टीने जोडा, म्हणजे सर्जला दुसरी वाट मिळते. पीव्हीसी केसिंग असेल तर हा उपाय बाद. कंट्रोलरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तीन वायरींवर साधी एसी एसपीडी स्वतःच्या मनाने लावू नका. तिथली लाईट तुकड्या-तुकड्याने जाते आणि एसपीडी विनाकारण तापते.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते आणि विमाही असतो. म्हणून आधी तक्रार नोंदवा, मग हात लावा. बसवणारे अरेस्टर उभा करून जातात, पण त्याची पट्टी खड्ड्यापर्यंत पोचली आहे का, ते माती उकरून बघा. एका शेतात ती मातीखाली वीतभर जाऊन संपली होती.

१९. रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. तिचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडू का?

नाही. प्रश्न ६ च्या नियमाला हाच तो अपवाद. झटका मशीन दर सेकंदाला हजारो व्होल्टचा ठोका मुद्दाम जमिनीत सोडत असते. तो घराच्या अर्थिंगवर आला तर नळाला हात लावताच झिणझिण्या येतील आणि कंट्रोलर चक्रावेल. तिची कांडी घराच्या आणि सोलरच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब ठोका. ती तार शेताभोवती किलोमीटरभर फिरलेली असते, म्हणजे अख्ख्या शिवारातली सगळ्यात मोठी अँटेना. म्हणून मशीनला तिची स्वतःची छोटी प्लेट आणि बॅटरी द्या, घरच्या बॅटरीवर चालवू नका. मशीन जळली तर मशीनच जळेल. मशीन आणि तार यांच्यामध्ये वीजरोधक मिळतो, तोही बसवा.

२०. सीसीटीव्ही, डिश आणि वायफायचं काय?

हे मागचं दार. पुढून सगळा बंदोबस्त करायचा आणि खांबावरच्या कॅमेऱ्याची ६० मीटर लॅन केबल सरळ राउटरमध्ये. शक्य तिथे कॅमेरा वायफायवर घ्या आणि त्याला तिथेच छोटी प्लेट द्या. केबल लागणारच असेल तर लॅनची एसपीडी मिळते. ती घराच्या बाजूला बसवून त्याच अर्थिंगला जोडा. डिशचा लोखंडी पाय अर्थिंगला जोडा आणि कडकडाटात केबल टीव्हीमागून काढून ठेवा.

२१. लिथियम बॅटरी आहे. तिला एसपीडी लागते का?

बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच खोलीत, दोन मीटर केबलवर असतील तर नाही. दोन्ही केबल जोडीने न्या, पुरे. बॅटरी वेगळ्या खोलीत असेल तर लागेल. मात्र बॅटरीचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह प्लेटांसारखा मोजका नसतो, म्हणून एसपीडीच्या आधी योग्य फ्यूज हवाच.

२२. पावसात शेतात प्लेटांखाली उभं राहिलं तर चालतं का? आणि घरात पायाळू माणूस असेल तर वीज पडते म्हणतात.

प्लेटांखाली उभं राहू नका. तो निवारा नाही, ते एक लोखंडी झाड आहे. वीज त्यावर पडली तर खांबातून तुमच्याकडे उडी मारू शकते, आणि खांबाभोवतीच्या जमिनीत दोन पावलांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात म्हणून जनावरं जास्त दगावतात. त्यांना स्ट्रक्चरला किंवा अरेस्टरच्या खांबाला बांधू नका. हे सांगावं लागतंय, कारण खुंटी म्हणून तो खांब फार सोयीचा असतो.

पायाळूचं म्हणाल तर माझी आजी पायाळू होती. ढग दाटले की तिला घरात कोंडून ठेवायचे. वीज तिच्यावर कधी पडली नाही, आणि घरात थांबणं हा सल्ला तेवढा बरोबरच होता.

२३. वीज जवळ पडून गेली. आता काय-काय तपासू?

काही सोडवण्याआधी जिथे आहे तिथे फोटो काढा, विम्याला आणि तक्रारीला लागतील. मग एसपीडीची खिडकी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर यांवरचे डाग, वास. अरेस्टरच्या पट्टीचे सांधे हाताने हलवून बघा.

प्लेटा मात्र दिसायला धडधाकट असल्या तरी एकेक मोजा. सकाळी ऊन आल्यावर प्रत्येक प्लेट सुटी करून तिचं ओपन सर्किट व्होल्टेज घ्या. अशा प्लेटेत तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारे) असतात आणि सर्जमध्ये ते आतल्या आत शॉर्ट होतात. ४९ च्या जागी ३३ दिसलं तर एक डायोड गेला, १६ दिसलं तर दोन. अशी प्लेट बंद पडत नाही, मुकाट्याने दोन तृतीयांश काम करत राहते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि मग दिवाळीत फोन येतो की यंदा बॅटरी फारच लवकर उतरते. मागची डबी उघडणारी असेल तर डायोड बदलता येतो. चिकाने भरलेली असेल तर ती प्लेट वेगळ्या छोट्या कामाला लावा, बाकीच्या ओळीत ठेवू नका.